अर्धी गोळी

मराठीचा प्राध्यापक म्हणजे शब्दांचे अर्थ सांगण्याबद्दल दरमहा पगार घेणारा माणूस. गेली वीस वर्षे मी ही नोकरी इमानेइतबारे करीत आलो आहे. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती मी दर वर्षी न चुकता शिकवतो आणि मुले दर वर्षी न चुकता जांभया देतात. अशा माणसाने एका साध्या शब्दाचा अर्थ चुकीचा लावावा, आणि त्या चुकीपायी ऐंशी उलटलेल्या एका बाईने आठ महिने अर्ध्या गोळीवर काढावेत, हे कोणाला खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे. तो शब्द 'उपचार' आणि ती बाई माझी सख्खी आत्या.

आत्या घोलवडला राहते. ज्यांनी घोलवड पाहिलेले नाही त्यांनी घोलवडचा चिकू तरी खाल्लेला असतोच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली सरकारदरबारी भौगोलिक मानांकन मिळाले. पण आमच्या घरी ही बातमी कोणी फारशी मनावर घेतली नाही. आपल्या मुलीला सुंदर म्हणणारा पाहुणा उशिरा आला, एवढेच आत्या म्हणाली. एका बाजूला इराण्यांच्या आणि पारशांच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडे आणि त्यापलीकडे समुद्र. गुजरातची हद्द इतकी जवळ, की वाणी मराठीत बोलायला सुरुवात करतो आणि गुजरातीत हिशेब पुरा करतो. आमचे जुने कौलारू घर आणि चिकूची अठरा झाडे एवढीच आजोबांची इस्टेट. माझे वडील नोकरीसाठी मुंबईकडे आले, धाकटे काका अमेरिकेत न्यू जर्सीला गेले, आणि घर आणि झाडे आत्याकडे राहिली. तिने लग्न केले नाही. तरुणपणी कोसबाडला अनुताई वाघांच्या हाताखाली ती बालवाडीचे काम शिकली आणि मग जवळजवळ चाळीस वर्षे आमच्याच ओसरीवर तिने गावातल्या नि पाड्यांवरच्या मुलांची बालवाडी चालवली. त्या कामाला मान होता, पण पेन्शन नव्हते. चिकूची झाडे ती वर्षाच्या कराराने देते. त्यात तिचे भागते. म्हणजे भागत होते, जोपर्यंत औषधे नव्हती तोपर्यंत.

साठीनंतर माणसाच्या घरात औषधे कशी शिरतात हे मोठे पाहण्यासारखे असते. पहिली गोळी पाहुण्यासारखी येते. रक्तदाबाची असते, लहानशी असते, 'काही दिवस घ्या' म्हणून डॉक्टरांनी दिलेली असते. ती पुढे घरातलीच होते. मग ती आपली भावंडे बोलावते. साखरेची येते, कोलेस्टेरॉलची येते, या सगळ्यांमुळे पोटात जळजळते म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणखी एक येते. आत्याच्या बाबतीत हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले तेव्हा रक्त पातळ ठेवणारी गोळी आली, आणि तिने येताना सर्वांत मोठे बिल आणले. महिन्याला अडीच हजार रुपये औषधांचे होऊ लागले. ते मी पाठवीत असे. फार मोठे काही करतो आहे असे मला कधी वाटले नाही, पण कोणी विचारले तर मी ते सांगत असे, हे कबूल केले पाहिजे.

२०२४ साली मला वाटले, आत्याचा विमा उतरवावा. त्या वर्षीच्या एप्रिलपासून पासष्ट वर्षांची वयोमर्यादा विमा नियामकांनी काढून टाकली होती, म्हणजे ऐंशीच्या माणसालाही नवा आरोग्यविमा मागता येत होता. मागता येणे निराळे आणि परवडणे निराळे. एजंटाने सांगितलेला हप्ता ऐकून मी त्याला पुन्हा सांगायला लावले. वर्षाला साठ हजारांच्या वर, आणि त्या वेळी त्यावर अठरा टक्के कर. (वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा हा कर पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आणि बहुतेक औषधांवरचा बारा टक्क्यांवरून पाचावर आला.) शिवाय प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा, आणि आधीपासून असलेल्या दुखण्यांसाठी तीन वर्षे थांबायचे. ही तीन वर्षे म्हणजे सवलतच होती. पूर्वी ती मुदत चार वर्षांपर्यंत असे.

आत्याने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत आजारी पडणार नाही, असं आपण त्यांना लिहून द्यायचं. आणि त्याबद्दल पैसे त्यांनी नाही, आपण द्यायचे."

तो विषय तिथेच संपला. पण त्याच वर्षीच्या ऐन दिवाळीत, २९ ऑक्टोबर २०२४ ला, सत्तर वर्षांवरच्या सर्व नागरिकांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचे नवे कार्ड सुरू झाले. त्याला नावही मोठे गोड, 'वय वंदना'. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे मोफत उपचार. हप्ता नाही, थांबणे नाही, जुने दुखणे पहिल्या दिवसापासून मान्य. मी नोव्हेंबरात घोलवडला गेलो, आधार कार्ड घेऊन आत्याचे कार्ड काढून आणले, ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तिच्या हाती दिले आणि म्हणालो, "आत्या, आता तुझ्या औषधपाण्याची काळजी मिटली."

आणि पुढच्या महिन्यापासून अडीच हजार रुपये पाठवणे मी बंद केले.

हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. कारणे द्यायची तर पुष्कळ आहेत. मुलाच्या शिकवणीची फी वाढली होती, आत्या स्वतःच म्हणाली होती, "कार्ड आहे ना, मग कशाला पाठवतोस?" पण खरे कारण असे, की 'उपचार' या शब्दात औषध येतेच, असे मी गृहीत धरले. कोणीही मराठी माणूस धरील. आपल्या भाषेत औषध आणि उपचार हे जोडीनेच नांदतात. विम्याच्या भाषेत मात्र त्यांचा घटस्फोट झालेला आहे. तिथे माणूस आजारी आहे की नाही हे त्याच्या नाडीवरून ठरत नाही, तो खाटेवर पडला की नाही यावरून ठरते. रुग्णालयात दाखल झालात तर सलाइनपासून शस्त्रक्रियेपर्यंत सारे मिळेल. दाखल न होता, घरच्या घरी, रोज सकाळी पाण्याबरोबर एक गोळी घेऊन तुम्ही दाखल होणे टाळत असाल, तर त्या गोळीशी कार्डाचा संबंध नाही. खाजगी विम्याचे बहुतेक कागदही हेच म्हणतात; बाहेरच्या बाहेर घ्यायच्या औषधांसाठी वेगळे कलम हवे आणि त्याचा वेगळा हप्ता.

आत्याला हे माझ्याआधी कळले. डिसेंबरात ती कार्ड घेऊन औषधांच्या दुकानात गेली. दुकानदाराने ते उलटसुलट करून पाहिले आणि सभ्यपणे परत दिले. तिने पदरचे पैसे देऊन निम्मी औषधे घेतली आणि घरी आली. मला तिने काही कळवले नाही. "तू एवढा आनंदाने कार्ड घेऊन आला होतास," ती नंतर म्हणाली, "तुला काय सांगायचं, की तुला वाचता आलं नाही म्हणून?"

हे सारे मला समजले ते २०२५ च्या जुलैत. आत्या पहाटे मोरीत पडली. शेजारच्या वाडीतल्या इराणी बाईंनी गाडी काढली आणि तिला रुग्णालयात पोचवले. मला फोन आला तेव्हा पाऊस असा होता, की विरारहून सुटलेली लोकल प्रत्येक स्टेशनावर विचार करीत उभी राहत होती. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते ही केवढी सोय आहे, असे मी नेहमी म्हणतो. त्या दिवशी म्हटले नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला छोटासा झटका आहे, डाव्या हाताची शक्ती येईल, पण रक्तदाब भलताच वर होता. रोज कोणत्या गोळ्या घेतात ते कागद घेऊन या.

मी घरी आलो. आत्या कागदपत्रे कुठे ठेवते हे मला ठाऊक होते. दिवाळीच्या फराळाच्या रिकाम्या डब्यांच्या मागे एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, कार्ड होते, आणि वर्तमानपत्राच्या चौकोनी पुड्या होत्या. प्रत्येक पुडीत अर्ध्या गोळ्या. गुलाबी अर्ध्या, पांढऱ्या अर्ध्या, पिवळ्या अर्ध्या. सगळ्या अगदी बरोबर मधोमध तोडलेल्या, आणि त्यांच्याशेजारी आजीचा पितळी अडकित्ता.

मी तो डबा तसाच डॉक्टरांकडे नेला. ते माझ्याहून वयाने लहान होते, पण त्यांनी मला जे बोलायचे ते बोलून घेतले. रक्त पातळ ठेवणारी गोळी निम्मी घेणे म्हणजे गुठळीला निम्मे दार उघडे ठेवणे. काही गोळ्या शरीरात दिवसभर हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या तोडल्या, तर दिवसभराचे औषध तासाभरात अंगात जाते आणि उरलेला दिवस कोरडा जातो. "आणि हे कोणी सांगितलं त्यांना?" त्यांनी विचारले. मी काही बोललो नाही.

कार्डाने मात्र आपला शब्द पाळला, तेही सांगितले पाहिजे. आठ दिवसांत आत्याला एक पैसा भरावा लागला नाही. घरी सोडताना पंधरा दिवसांची औषधे मिळाली. दाखल होण्याच्या आधीचे तीन दिवस आणि सुटल्यानंतरचे पंधरा दिवस एवढे त्या योजनेत बसते. सोळाव्या दिवसापासून आपण आणि आपले दुकान. चिठ्ठीवर सात औषधे होती आणि सहांपुढे 'कायम' असे लिहिले होते.

त्या सोळाव्या दिवसाने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही चर्चासत्राने शिकवलेले नाही. गोळीची किंमत कशी ठरते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पाकिटावर छापलेली असते एवढेच ठाऊक होते. अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. २०१३ च्या आदेशानुसार या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवते, आणि ती कशी? तर बाजारात ज्यांचा खप निदान एक टक्का आहे अशा कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढून. म्हणजे गोळी बनवायला किती खर्च आला हे कोणी विचारीत नाही. ती आज कितीला विकली जाते हेच विचारतात. शिवाय दर एप्रिलला घाऊक महागाईच्या प्रमाणात ही किंमत हलते. २०२२ साली ती पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास आणि २०२३ साली बारा टक्क्यांच्या वर वाढवायला मुभा मिळाली होती. यादीबाहेरच्या औषधांना कमाल किंमत नाही, वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करायला मोकळीक आहे. आणि दोन औषधे एका गोळीत घातली आणि ती जोडी यादीत नसली, तर यादीतली दोन्ही औषधे हातात हात घालून यादीबाहेर पडतात. आत्याची गुलाबी गोळी अशीच जोडगोळी होती. आम्ही डॉक्टरांना विचारून त्या जागी दोन सुट्या गोळ्या लिहून घेतल्या.

मग जनऔषधी केंद्र. ही योजना २००८ सालची, २०१५ नंतर ती वाढली. कंपनीचे प्रसिद्ध नाव नसलेले पण औषध तेच, आणि किंमत बरीच कमी. आमच्या भागातल्या केंद्रावरून मी जाता-येता पाच वर्षे चालत गेलो होतो आणि एकदाही आत शिरलो नव्हतो. कारण? स्वस्त औषध लागू पडेल का, अशी शंका. साडीच्या दुकानात आपण जो विचार करतो तोच औषधाच्या दुकानात करतो. चिठ्ठीवरची पाच औषधे तिथे मिळाली. अडीच हजारांचा महिना नऊशेवर आला. ज्या नऊशे रुपयांसाठी आत्या अडकित्ता चालवीत होती, ते नऊशे रुपये मी महिन्याला कशाकशावर खर्च करतो त्याची यादी येथे देत नाही.

आत्याची शंका माझ्यापेक्षा निराळी होती. नवी गोळी पांढरी होती. "माझी गुलाबी कुठाय?" नावे इंग्रजीत, बारीक अक्षरांत, ती बिचारी रंगावरून ओळखत आलेली. मी औषधविज्ञान सांगू लागलो. तिने मला थांबवले, जुन्या चादरीचा तुकडा काढला आणि उजव्या हाताने, डाव्याच्या आधाराने, त्यावर खिसे शिवायला घेतले. सकाळच्या खिशावर सूर्य, दुपारच्या खिशावर ताट, रात्रीच्या खिशावर चंद्र. चाळीस वर्षे वाचता न येणाऱ्या मुलांना जे शिकवले ते तिने स्वतःला शिकवले.

एक गोष्ट मात्र मला तिच्या गळी उतरवता आली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. रक्तदाबाच्या नि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. मी तिला म्हटले, तू तिथे का जात नाहीस? ती म्हणाली, "त्या रांगेत माझ्या बालवाडीतली मुलं उभी असतात. आता त्यांची नातवंडं घेऊन. मी पुढे गेले तर ती मला जागा देतात. गोळ्या कमी असल्या तर माझ्यामुळे कोणाची तरी राहील." हा अभिमान म्हणावा की भूतदया, हे मला ठरवता आले नाही, आमच्या मध्यमवर्गाच्या पुष्कळ अडचणी या दोहोंच्या मधल्या जागेत राहतात.

दोन घरे सोडून रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. तेही आत्याच्याच वयाचे आणि त्यांच्याही गोळ्या जवळपास त्याच. निवृत्तीच्या वेळी त्यांनी रेल्वेच्या योजनेत एकदाच रक्कम भरली. तेव्हापासून रेल्वेच्या दवाखान्यातून औषधे मिळतात. त्यांना विम्याचे काही कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. संध्याकाळी ते आत्याच्या ओसरीवर येऊन बसतात आणि औषधे कडू असतात अशी तक्रार करतात.

राहिले धाकटे काका. त्यांच्याकडे आम्ही नेहमी अशा दृष्टीने पाहत आलो, की ज्या देशात औषधांचासुद्धा वेगळा विमा आहे तिथे म्हाताऱ्या माणसाला कसली चिंता! आणि विमा आहे, हे खरे. २००३ साली तिथे कायदा झाला आणि २००६ च्या जानेवारीपासून पासष्टीनंतरच्या लोकांना केवळ औषधांसाठी विमा घेता येऊ लागला. पण तो एक विमा नव्हे, अनेक कंपन्यांच्या अनेक योजना. प्रत्येकीची औषधांची यादी वेगळी, यादीत पायऱ्या, पायरीगणिक तुमचा हिस्सा वेगळा, आणि ही यादी दर वर्षी बदलते. म्हणून १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीत काका दर वर्षी कागद पसरून बसतात. ऐन आपल्या दिवाळीत! वेळेवर विमा घेतला नाही, तर चुकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक टक्का दंड, आणि तो बहुधा जन्मभर. या साऱ्यात पूर्वी एक चमत्कारिक गोष्ट असे. ठरावीक रकमेपर्यंत विमा बराचसा भार उचलायचा, फार मोठ्या रकमेनंतर पुन्हा उचलायचा, आणि मधल्या टप्प्यात औषधांचा मोठा वाटा रुग्णाच्या अंगावर टाकायचा. मेदूवड्यासारख्या तिथल्या एका गोड पदार्थावरून त्याला भोक म्हणत. २०१४ साली २,८५० डॉलरची औषधे झाली की माणूस त्या भोकात पडे. २०२५ पासून ते बुजले. त्या वर्षी दोन हजार डॉलर भरले की पुढची यादीतली औषधे फुकट होती. दोन हजार डॉलर म्हणजे पावणेदोन लाख रुपये, हा हिशेब आत्याने बोटांवर केला आणि ती काही वेळ गप्प बसली.

२०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. मी घोलवडलाच होतो. दर वर्षी आत्या माझ्या फोनवर काकांचा चेहरा आला की निरांजन घेऊन फोनला ओवाळते. त्या वर्षी ताम्हन उजव्या हातातच धरावे लागले, डावा नुसता खाली टेकवला. काकांच्या मागे टेबलावर ते विम्याचे कागद दिसत होते.

"ताई, गोळ्या वेळेवर घेतेस ना?" काकांनी नेहमीचे विचारले.

एरवी ती 'घेते रे' म्हणते. त्या दिवशी तिने सगळे सांगितले. दुकान, पुड्या, अडकित्ता, मोरी. माझे नाव मात्र घेतले नाही. पैसे पुरत नव्हते, एवढेच म्हणाली. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. फोन बंद पडला असे वाटून मी हात पुढे केला, तेवढ्यात काका बोलले.

"ताई, दोन हजार चौदा साली ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मीपण तेच केलं. त्या भोकात पडलो होतो. घरात कोणाला सांगितलं नाही, आजच सांगतोय. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जाऊन सुरीने कापायचो. नीट कापलीच जायची नाही. निम्मा चुरा व्हायचा."

आत्याने ताम्हन खाली ठेवले.

"अरे बाळ," ती म्हणाली, "मग मला कळवायचं नाहीस का? आईचा अडकित्ता पाठवला असता. त्याने चुरा होत नाही."